बाबांना कॉलेज बेसबॉल दाखवायचाय. २०१९ चा हंगाम कुठून सुरू करू?

सांगलीकर_परदेशी

मंडळी, बाबा पुढच्या महिन्यात सहा महिन्यांसाठी मिशिगनला येताहेत. आईचं एक बरं असतं, तिला लायब्ररी आणि शनिवारचा बाजार पुरतो. बाबांना करमत नाही. मागच्या वेळी तिसऱ्या आठवड्यापासून त्यांनी घरातले नळ दुरुस्त करायला घेतले. न गळणारेसुद्धा.

बाबा तरुणपणी सांगलीत क्लब क्रिकेट खेळलेत, ऑफस्पिन टाकायचे. विजय हजाऱ्यांच्या गावचे असल्यामुळे कुठल्याही खेळावर मत द्यायचा आपल्याला अधिकार आहे अशी त्यांची समजूत आहे. मागच्या वेळी डेट्रॉइट टायगर्सचा एक सामना दाखवला. हंगामात असे १६२ सामने असतात म्हटल्यावर म्हणाले, "मग आजच्याचं काय विशेष?" आणि झोपले.

म्हणून यंदा कॉलेज बेसबॉल. जूनमध्ये तिथे दोनदा हरलं की थेट घरी. मी २०१९ चा हंगाम निवडलाय, एक तर त्यात आमचं मिशिगन होतं आणि दुसरं म्हणजे त्या एका वर्षात सगळ्या चवी आहेत. जुने सामने रोज संध्याकाळी एक असे लावणार. प्रश्न एवढाच, पहिला कुठला लावू?

लेगबाय

यात विचारायचं काय? ८ जून २०१९, व्हॅन्डरबिल्ट विरुद्ध ड्यूक. कुमार रॉकरचा नो-हिटर. १९ जण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). २७ पैकी १९! पहिल्या वर्षाचं पोरगं. आदल्या दिवशी ड्यूकने व्हॅन्डीला १८-५ असं धुतलं होतं, म्हणजे हा हरले असते तर हंगामच संपला असता. सुपर रिजनलमध्ये (वर्ल्ड सिरीजच्या आधीची फेरी) त्याआधी कोणीही नो-हिटर टाकला नव्हता.

प्रश्नचिन्ह

नो-हिटर म्हणजे काय? आणि कुमार??

लेगबाय

नऊ इनिंगमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही. आपल्या भाषेत, पूर्ण डाव टाकायचा आणि बॅटला लागून एकही रन निघू द्यायची नाही. तंतोतंत नाही, पण बाबांना एवढं पुरे.

कुमार म्हणजे आपला कुमारच. आईकडचे आजी-आजोबा भारतातून आलेले. वडील ट्रेसी रॉकर, ऑबर्नचे फुटबॉलमधले मोठे नाव.

काडीपेटी

"आपला" कसा? पोरगा जॉर्जियात वाढला, टेनेसीत खेळला. अंतराळात गेली की आपली, स्पेलिंग बी जिंकला की आपला. आता स्लायडर टाकला तरी आपला. मराठी आहे का तेवढं सांगा, म्हणजे मंडळाच्या गणपतीला बोलावता येईल.

लेगबाय

नाही. दावा ठोकू नका. नाव मात्र कानाला गोड लागतं एवढं मान्य करा की.

खडूस_आजोबा

मी दाक्षिणात्य शेजाऱ्याला हे नाव सांगितलं तर तो म्हणाला, "कुमार रॉकर हे बेसबॉलपटूचं कमी आणि ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याचं जास्त वाटतं."

मृणाल_फिजिओ

लेगबाय, सामना भारी होता, वाद नाही. पण त्या दिवशी त्या मुलाने १३१ पिच (चेंडू) टाकले. वय १९. बाबा ऑफस्पिनर आहेत म्हणता, ते आधी खांद्याकडे बघतील. पुढे २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तो) न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं आणि वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. २०२२ ला टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, त्यानंतर कोपराची शस्त्रक्रिया, आणि मोठ्या लीगमध्ये पहिला सामना थेट सप्टेंबर २०२४ मध्ये. त्या एका रात्रीमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, तसं कोणीच सांगू शकत नाही. पण तो सामना मला मोकळेपणाने बघता येत नाही.

लेगबाय

नो-हिटर चालू असताना आठव्या इनिंगला त्याला बाहेर काढायला व्हॅन्डीचा प्रशिक्षक टिम कॉर्बिन मैदानात आला असता तर प्रेक्षकांनी कॉर्बिनलाच बाहेर काढलं असतं.

मृणाल_फिजिओ

प्रेक्षकांच्या खांद्याचा एमआरआय मी कधी काढलेला नाही.

टणत्कार

हाहा. मृणालताई +१.

सोलापूर_ते_सिएटल

मी वेगळंच सुचवतो. नो-हिटर पहिल्याच दिवशी नको. ज्याला खेळ कळत नाही त्याला काहीही न घडण्यातली गंमत कशी कळणार? पहिल्यांदा कसोटी बघणाऱ्याला नऊ मेडन ओव्हर दाखवण्यासारखं आहे ते.

त्यापेक्षा ३१ मे, कॉर्व्हॅलिस, ओरेगन. गतविजेते ओरेगन स्टेट घरच्या मैदानावर, समोर सिनसिनाटी. ओरेगन स्टेटचा कॅचर अॅडली रचमन, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू, सरासरी .४११. बेस तिन्ही भरलेले आणि हा बॅटिंगला आला. सिनसिनाटीने काय करावं? त्याला मुद्दाम वॉक (फुकटचा बेस) दिला! म्हणजे याच्याशी खेळायचंच नाही, एक रन फुकट घ्या पण हा नको. आणि शेवटी सामना सिनसिनाटीने ७-६ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी ओरेगन स्टेट पुन्हा हरले आणि गतविजेत्यांचा हंगाम दोन दिवसांत आटोपला. ३ जूनला बाल्टिमोरने रचमनला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर उचललं.

प्रश्नचिन्ह

एक रन दान? हे खिलाडूवृत्तीला धरून आहे का?

खडूस_आजोबा

बाळा, तुमच्या काळी खिलाडूवृत्ती होती. आमच्या काळी भाऊसाहेब निंबाळकर होते. १९४८ साली महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध राजकोटला ४४३ नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला दहा रन हव्यात, आणि काठियावाडने सामनाच सोडून दिला! असं सांगतात की आपल्याविरुद्ध विक्रम झाला हे पुस्तकात नको होतं त्यांना. रचमनला निदान एक बेस तरी मिळाला. निंबाळकरांना काय मिळालं? ते कसोटीसुद्धा खेळले नाहीत.

टणत्कार

आजोबा, कॉर्व्हॅलिसहून कोल्हापूरला आलात की एकदम.

ओमाहाकर

धागा उशिरा बघितला. मी चौदा वर्षं ओमाहात राहतो. हे गाव वर्षातून दोन आठवडे देशाच्या नकाशावर येतं, ते दोन आठवडे जूनचे. १९५० पासून कॉलेज वर्ल्ड सिरीज इथेच. आधी रोझेनब्लाट स्टेडियमवर व्हायची, २०१० ला तिथला शेवट झाला. ते मैदान पाडलं, प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी त्याची एक छोटी आठवण ठेवली आहे. मुलीला जिराफ दाखवायला नेतो तेव्हा मी होम प्लेटच्या जागी उभा राहून येतो.

नव्या मैदानाबद्दल एक सांगतो, बाबांना खेळपट्टीच्या भाषेत पटेल. तिथे वारा बहुतेक वेळा बाहेरून आत येतो आणि कुंपण लांब. त्यात २०११ पासून धातूच्या बॅटवर बंधनं आली. २०१४ च्या पूर्ण वर्ल्ड सिरीजमध्ये होमरन किती, तर तीन. मग शिवण चपटी असलेला चेंडू आणला, तेव्हा जरा जान आली. २०१९ मध्ये व्हॅन्डीच्या जे. जे. ब्लेडेने वर्षभरात २७ होमरन मारले, देशात सर्वाधिक.

टणत्कार

माझा आयडी त्या धातूच्या बॅटवरूनच आहे. लाकडाचा "टॉक" आणि अॅल्युमिनियमचा "टण्ण". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शाळेची घंटा झाली असं वाटलं.

नॅशव्हिलची_सून

आवाजाचा विषय निघालाच आहे तर शिट्टीवाल्याबद्दल कोणी कसं बोललं नाही? व्हॅन्डरबिल्टचा एक चाहता पूर्ण सामनाभर शिट्टी वाजवतो. पूर्ण म्हणजे पूर्ण. टीव्हीवर इतकी तीव्र ऐकू येते की सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं गॅस बंद कर, चार झाल्या!"

रेवती

😂😂 वरणाचा नो-हिटर.

काडीपेटी

हीच वेळ आहे सांगायची. व्हॅन्डरबिल्ट म्हणजे पैसेवाल्यांचा संघ. कॉलेज बेसबॉलमध्ये तेव्हा एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्या मिळायच्या. होय, अकरा पूर्णांक सात. त्या २७ मुलांत वाटायच्या. कोणाला अर्धी, कोणाला पाव. खासगी विद्यापीठ गरजेनुसार वेगळी मदत भरपूर देतं, मग पाव शिष्यवृत्तीवरही पोरं येतात. सरकारी विद्यापीठ काय करणार?

नॅशव्हिलची_सून

ती मदत सगळ्याच विद्यार्थ्यांना आहे हो, बेसबॉलवाल्यांसाठी काढलेली नाही. आणि पैशाने ५९ सामने जिंकता येत असते तर प्रत्येक श्रीमंत विद्यापीठाने जिंकले असते. ५९-१२. एसईसीच्या (दक्षिणेकडच्या विद्यापीठांची लीग) इतिहासात एका हंगामात एवढे विजय कोणाचे नव्हते.

शिवाय त्या संघातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी काय पाहिलं होतं ते विसरू नका. ती पहिल्या वर्षाला होती तेव्हा, जून २०१६ मध्ये, त्यांचा सोबती डॉनी एव्हरेट तलावात बुडून गेला. १९ वर्षांचा. रिजनल (स्पर्धेची पहिली फेरी) सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. त्याचा ४१ नंबरचा शर्ट ती मुलं चार वर्षं सोबत नेत राहिली. मी तेव्हा नॅशव्हिलमध्ये नवीनच होते, बेसबॉल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण दुकानातली बाई रडत होती ते आठवतं.

काडीपेटी

हे माहीत नव्हतं. शिष्यवृत्तीचा मुद्दा कायम, पण सूर मागे घेतो.

अभ्यासू_बोका

मी मूळ प्रश्नाकडे येतो. सांगलीकर, तुम्ही मिशिगनमध्ये राहता आणि बाबांना व्हॅन्डरबिल्ट दाखवणार? मिशिगनची गोष्ट सरळ क्रमाने लावा ना.

६४ संघांच्या स्पर्धेत सगळ्यांत शेवटी निवडलेल्या चौघांतले, कसेबसे शिरलेले. कॉर्व्हॅलिसला तेच गेले होते, ओरेगन स्टेटच्या अंगणात, आणि तिथून निघाले क्रेटनला हरवून. क्रेटनचं घरचं मैदान कुठलं? ओमाहातलं तेच, जिथे वर्ल्ड सिरीज होते! ज्यांना आपल्याच घरी जायचं होतं त्यांना अडवून हे गेले. मग लॉस एंजेलिसला देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या यूसीएलएला तीन सामन्यांत हरवलं. ओमाहात टेक्सास टेकला दोनदा, दुसऱ्यांदा तर १५-३. बिग टेनचा (मिशिगन ज्या लीगमध्ये खेळतं ती) संघ अंतिम फेरीत येण्याची १९६६ नंतरची पहिली वेळ. थंडी, बर्फ, मार्चपर्यंत मैदान दिसत नाही, तिथली ही पोरं.

आणि पहिल्या बेसवर जिमी केर. त्याचे आजोबा मिशिगनच्या १९६२ च्या विजेत्या संघात, वडील ऐंशीच्या दशकात मिशिगनकडून ओमाहाला गेलेले, आता हा. तीन पिढ्या! बाबांना एवढं सांगा, ते टीव्हीसमोरून उठणार नाहीत.

सांगलीकर_परदेशी

बोकोबा, तीन पिढ्यांचं मलाही माहीत नव्हतं. हे चालणार. आमच्याकडे तिसरी पिढी सध्या फक्त व्हिडिओ गेम खेळते, त्यामुळे टोमणा मलाच बसेल, पण असो.

ओमाहाकर

मिशिगन दाखवणारच असाल तर फ्लोरिडा स्टेटविरुद्धचा सामना चुकवू नका. २-०. टॉमी हेन्रीने पूर्ण नऊ इनिंग टाकल्या. मी त्या दिवशी मैदानात होतो, आणि खरं सांगायचं तर मी हेन्रीला बघायला गेलोच नव्हतो. मी गेलो होतो माइक मार्टिनना बघायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माइक मार्टिन फ्लोरिडा स्टेटचे प्रशिक्षक, ४० हंगाम. चाळीसच्या चाळीस वर्षं संघ स्पर्धेत. कारकिर्दीत २,०२९ विजय, कॉलेज बेसबॉलमध्ये एवढे कोणाचेच नव्हते. ओमाहाला १७ वेळा आले. विजेतेपद? शून्य. १९८६ आणि १९९९ ला अंतिम फेरीत हरले. २०१९ हे शेवटचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेलं. संघ साधारण होता, पण जॉर्जियाला जॉर्जियात आणि लुइझियाना स्टेटला लुइझियानात हरवून आला. सगळ्या देशाला वाटत होतं, आता तरी. अर्कान्सासला १-० हरवलं. मग हेन्रीने शून्यावर बांधून ठेवलं आणि पुढच्या सामन्यात टेक्सास टेकने ४-१ घरी पाठवलं. म्हातारा शांतपणे डगआउटमधून निघाला. आमच्या बाजूला बसलेले लोक फ्लोरिडाचे नव्हते, तरी सगळे उभे राहिले. २०२४ च्या फेब्रुवारीत मार्टिन गेले.

खडूस_आजोबा

पद्माकर शिवलकर. ५८९ प्रथम श्रेणी बळी आणि भारताची टोपी नाही. दुसरं नाव घ्यायची गरज नाही.

रेवती

आजोबा, पण अमोल मुजुमदारही आहेत ना? तेही भारताकडून खेळले नाहीत, मग प्रशिक्षक म्हणून २०२५ ला मुलींना विश्वचषक जिंकून दिला. कधीकधी दार मागच्या बाजूने उघडतं.

खडूस_आजोबा

मार्टिनचं नाही उघडलं ना. म्हणून शिवलकर.

सोलापूर_ते_सिएटल

जेक मँगम राहिला! मिसिसिपी स्टेट. चार वर्षांत ३८३ हिट, एसईसीचा विक्रम. त्याच्या संघाने ओमाहात ऑबर्नविरुद्ध शेवटच्या इनिंगला चार रन काढून ५-४ जिंकलं. तोही सामना यादीत टाका. मँगम मोठ्या लीगमध्ये पोचला २०२५ ला, वयाच्या २९ व्या वर्षी. आमच्या चाळीत याला "चिवट" म्हणायचे.

अभ्यासू_बोका

आणि अंतिम फेरीतली गुरुशिष्याची बाजू. मिशिगनचा तेव्हाचा प्रशिक्षक एरिक बाकिच आधी व्हॅन्डरबिल्टला कॉर्बिनच्या हाताखाली सहायक होता, २००३ ते २००९. म्हणजे समोरच्याची सगळी गणितं याला पाठ आणि याची त्याला. पहिला सामना शिष्याने ७-४ जिंकला. आता एकच हवा होता.

लेगबाय

आणि दुसऱ्या दिवशी कोण आला? कुमार! सहा इनिंगपेक्षा जास्त टाकली, ११ स्ट्राइकआउट, ४-१. मी म्हणतच होतो.

नॅशव्हिलची_सून

आणि तिसऱ्या सामन्यात ८-२. मालिकेचा मानकरीही कुमारच. मिशिगनकरांनो, क्षमस्व. 😌

अभ्यासू_बोका

तिसऱ्या सामन्यात आमचा कॉफमन टाकत होता. पहिला सामना हेन्रीने जिंकून दिला होता. एका दिवसाच्या विश्रांतीवर त्याला पुन्हा कसं उभं करणार? त्यांच्याकडे हिकमन, त्याने सहा इनिंगमध्ये आमची बॅटिंग गुंडाळली. दुसऱ्याच्या भात्यात एक बाण जास्त होता, एवढंच. मला अजूनही तो पहिला सामना तेवढा बघायला आवडतो. तिथेच टीव्ही बंद करतो.

रेवती

अहो थांबा! सांगलीकरांना बाबांना पहिल्यांदा दाखवायचंय आणि तुम्ही सगळे निकाल ओळीने लिहून ठेवलेत!

टणत्कार

बाबा थोडेच हा धागा वाचणार आहेत.

काडीपेटी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सांगलीकर, काय झालं ते कळवा.

सांगलीकर_परदेशी

पाच आठवड्यांनी वृत्तान्त.

बोकोबांचं ऐकून मिशिगनच्या क्रमाने लावलं. पहिले दोन दिवस प्रश्नच प्रश्न. "बॉलर पळत का नाही?" "टप्पा पडत नाही तर मग स्पिन कशाला?" मग एकदा कर्व्हबॉल हळू करून दाखवला. बाबा खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेले, बोटांची पकड बघितली, आणि फळांच्या टोपलीतलं मोसंबं घेऊन अर्धा तास दिवाणखान्यात मनगट फिरवत होते. आईने मोसंबं काढून घेतलं.

नो-हिटर मधे एका शनिवारी लावला. लेगबाय, तुम्ही जिंकलात, पण मृणालताईही जिंकल्या. सहाव्या इनिंगला बाबा पुढे सरकून बसले, सातव्याला म्हणाले "पोरगं थकलंय, डावा पाय लवकर पडतोय", आणि शेवटचा बाद झाल्यावर टाळ्या वाजवल्या आणि लगेच विचारलं, "उद्या याला विश्रांती देतात ना?"

मार्टिनच्या शेवटच्या सामन्यानंतर काही बोलले नाहीत. जेवताना आईला म्हणाले, "१७ वेळा पंढरपूरला गेला आणि गाभाऱ्यात नाही जाता आलं."

आता ते स्कोअर लिहितात, देवपूजेच्या जुन्या डायरीत, स्वतःच्या खुणांनी. स्ट्राइकआउटला "त्रि." आणि वॉकला "फु." म्हणजे फुकट. अंतिम फेरीचा पहिला सामना काल झाला, मिशिगन जिंकलं, बाबा खुशीत आहेत. पुढचे दोन रविवारपर्यंत पुरवणार. नळ सगळे शाबूत.

एकच घोळ आहे. काल त्यांनी विचारलं, तुम्ही लोक कुठे एवढं लिहिता, मला दाखव. मी आयडी काढून दिला.

रेवती

अरे देवा.

ऑफस्पिन_सांगली

सप्रेम नमस्कार. मी सांगलीकर परदेशी यांचा पिता. मराठीत टाइप करायला नातवाने शिकवले, चूकभूल द्यावी घ्यावी.

धागा पहिल्यापासून वाचला. ८-२ हे मला आज सकाळी चहाबरोबर कळले. नॅशव्हिलच्या सूनबाईंवर राग नाही, पण मुलाने मला "अजून काही सांगता येत नाही" असे तीनदा सांगितले होते, त्याचा हिशोब घरी होईल.

खडूस आजोबा यांस: आपण निंबाळकरांचा सामना राजकोटला झाला असे लिहिले आहे. तो पुण्यात झाला, पूना क्लबच्या मैदानावर. राजकोटचे ठाकूरसाहेब हे काठियावाडचे कप्तान होते, त्यामुळे आपली गल्लत झाली असावी.

आता माझी शंका. अंतिम फेरी तीन दिवस लागोपाठ ठेवतात. ज्याने पहिला सामना जिंकून दिला त्या हेन्रीला तिसऱ्या दिवशी उभे करता आले नाही, असे बोका यांनी लिहिले आहे. मधे दोन दिवस ठेवले असते तर? एवढ्या मोठ्या देशाला घाई कसली होती?

मृणाल_फिजिओ

काका, दंडवत. इतकी वर्षं मी हेच विचारतेय.

ओमाहाकर

काका, हॉटेलं भरलेली असतात, टीव्हीचं वेळापत्रक ठरलेलं असतं, आणि पोरांनी मे महिन्यातच वसतिगृह रिकामं केलेलं असतं. उत्तर एवढंच आहे. पुढच्या जूनपर्यंत राहणार असाल तर ओमाहाला या, गच्चीवर खाट टाकून देतो आणि तिकिटं माझ्याकडे.

ऑफस्पिन_सांगली

जूनमध्ये पेरण्या असतात. पण विचार करतो. तो शिट्टीवाला असतो का तिथे?

नॅशव्हिलची_सून

आम्ही पोचलो तर असतोच, काका.

ऑफस्पिन_सांगली

मग कापूस घेऊन येईन.